झाकणाखालची गाळणी

बिल्डरने आम्हाला फसवलं. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढे कुणाला शंका नको. बदलापूर पूर्वेला, शिरगावात, रो-हाउस विकताना त्याने आम्हाला विहीर दाखवली, विहिरीशेजारचं लोखंडी झाकण दाखवलं आणि सांगितलं की सगळ्या घरांच्या मागच्या बागांतलं पावसाचं पाणी या झाकणाखाली येतं, तिथे दगड, वाळू आणि कोळशाच्या थरांतून गाळलं जातं आणि स्वच्छ होऊन विहिरीत उतरतं. झाकण होतं. चांगलं जाड, वर कमळ कोरलेलं. खाली गाळणी नव्हती.

मला सहसा कुणी फसवू शकत नाही. उल्हासनगरच्या बाजारात माझं पडद्यांचं दुकान आहे. सुरुवात खांद्यावर गठ्ठा टाकून दारोदार फिरण्यापासून झाली, आणि घासाघीस मी सिंधी व्यापाऱ्यांच्या गादीसमोर उभं राहून शिकलो. कापड उलटून बघितल्याशिवाय मी आजवर घेतलेलं नाही. घर घेतानाही मी म्हणालो होतो, "हे झाकण उघडून दाखवा." तर बिल्डर हात जोडून म्हणाला, "शेठ, सीलबंद आहे. उघडलं तर वॉरंटी जाते." दगड आणि वाळूची वॉरंटी! तेव्हाच मला हसू आलं होतं. पण बायको तोवर विहिरीच्या कठड्याला टेकून उभी होती, आणि तिचा चेहरा बघून मला कळलं की आज सौदा माझ्या हातात नाही.

तिला घर नको होतं, विहीर हवी होती. आमच्या घरची गौर खड्यांची. भाद्रपदात पाणवठ्यावर जायचं, तिथले खडे वेचून ताम्हनात घ्यायचे, आणि जी सुवासीण ते घेऊन येते तिने तोंडात त्याच पाण्याची चूळ धरायची. चूळ तोंडात असली की बोलता येत नाही. गौर मुक्याने उंबरठा ओलांडते, देवासमोर बसते, मगच चूळ टाकायची. अंबरनाथ पश्चिमेला आम्ही बरीच वर्षं फ्लॅटमध्ये राहिलो. तिथे पाणवठा म्हणजे गच्चीवरची प्लास्टिकची टाकी. खडे कुंडीतले. बायको दरवर्षी टाकीच्या नळाची चूळ धरून जिना उतरायची आणि दरवर्षी गौर बसल्यावर तिचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, "क्लोरीनचा वास येतो हो." तिचं माहेर पालेगावचं. तिथे लहानपणी ती ओढ्यावर खेळलेली. तिला टाकीची गौर कधी पटली नाही.

तर शिरगावातला पहिला भाद्रपद. गल्लीतल्या बायका थाळ्या घेऊन जमल्या, मी नवा सदरा घातला. बायकोने विहिरीचं पाणी कळशीने काढलं. पाणी हिरवट होतं, पण पावसाचे दिवस, सगळंच हिरवं असतं, असं मी मनाशी म्हटलं. तिने चूळ भरली, ताम्हन उचललं, थाळ्या वाजायला लागल्या. शेजारच्या काकांच्या फाटकापर्यंत ती आली असेल नसेल, तिचे डोळे मोठे झाले. मग तिने मान वळवली, चूळ कर्दळीवर टाकली आणि सगळ्यांदेखत म्हणाली,

"अहो, हे पाणी आहे की कोबी कुजवून ठेवलाय कुणी?"

थाळ्या थांबल्या. एका बाईला हसू आवरेना. आमच्या घरी त्या वर्षी गौर मुक्याने आली नाही, बिल्डरच्या सात पिढ्यांचा उद्धार ऐकत आली. आरती झाल्यावर बायको शांतपणे मला म्हणाली, "पुढच्या वर्षी मी याच विहिरीची चूळ धरून घरात येणार. नाही जमलं तर गौर परत टाकीवर. मग हे घर कशासाठी घेतलंत ते लोकांना सांगत बसा."

ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. ओरडणाऱ्याशी भाव करता येतो.

गणपती विसर्जन झालं आणि मी पाना घेऊन झाकण उघडलं. वॉरंटी गेली. आत वाकून बघितलं तर एक रुंद पाइप, थेट विहिरीत. दगड नाही, वाळू नाही, कोळशाचा तुकडा नाही. तेवढ्यात एक सर आली आणि सगळ्या घरांच्या मागच्या गटारातून पाणी धावत आलं. तांबडी माती, कापलेलं गवत, साबणाचा फेस, आणि आणखी कसलेतरी पांढरे दाणे, अर्धे विरघळलेले. सगळं मिळून कुठे न थांबता विहिरीत पडलं.

बिल्डरचं ऑफिस एसी. मी भिजलेला. त्याने आधी माझ्यासमोर सीलबंद पाण्याची बाटली ठेवली.

"घ्या शेठ, पाणी घ्या."

"तुमच्यासाठी बाटली आणि आमच्यासाठी विहीर काय?"

"काय झालं, शांत व्हा."

"झाकण उघडलं. गाळणी कुठे आहे?"

तो खुर्चीत मागे रेलला. त्याच्या चेहऱ्यावर एक सुरकुती हलली नाही. "शेठ, पाणी वाईट आहे ते गाळणीमुळे नाही. तुमच्या लोकांनी बागांत युरिया टाकला, औषधं मारली, गाड्या धुतल्या. मी पावसाचं पाणी देतो म्हणालो होतो. खताचं पाणी तुम्ही केलंत."

मी जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्याची सेक्रेटरी बाहेर जाऊन उभी राहिली. पण घरी येताना रिक्षात एक गोष्ट मला टोचत होती. लबाड माणूस साफ खोटं बोलला तर त्याचं काही वाटत नाही. तो अर्धं खरं बोलतो तेव्हा राग दुप्पट होतो. गाळणी त्याने खाल्ली, हे खरं. पण गाळायला लागेल असं पाणी आमच्याच बागांतून निघत होतं, हेही खरं.

पुढच्या पावसाच्या दिवशी मी छत्री घेऊन मागच्या बाजूने फिरलो. आमच्या डाव्या हाताला काका राहतात, अंबरनाथच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांची हिरवळ म्हणजे गल्लीची शान. ती इतकी हिरवी का, ते मला त्या दिवशी दिसलं. ऐन पावसाच्या तोंडावर काका मूठ मूठ पांढरं खत फेकत होते, जणू अक्षता टाकतायत. सर आली आणि अर्ध्या अक्षता गटारात. उजव्या हाताला एक सिंधी दीदी, जिच्या गुलाबांना बघायला लोक थांबतात. ती तोंडाला ओढणी बांधून पानांवर औषध मारत होती, पानांवरून ते ओघळत होतं, ओघळलेलं कुठे जात होतं ते मला आता ठाऊक होतं. बाकीच्या घरांचे माळी वाळलेली पानं गटारात लोटून मोकळे. आणि फेस? बायकोने खिडकीतून सांगितलं, "तो आपल्या गाडीचा आहे. काल तुम्हीच धुतलीत."

मी गल्लीच्या मधोमध उभा राहिलो आणि सगळ्यांना सुनावलं. सगळ्यांना, नाव घेऊन. दुसऱ्या दिवशी काकांनी मुद्दाम माझ्याकडे बघत खताची आणखी एक मूठ टाकली.

बायको भाजी निवडत होती. म्हणाली, "दुकानात गिऱ्हाइकावर असं ओरडता?"

"दुकानात गिऱ्हाईक असतं."

"मग इथे कोण आहे?"

रात्रभर मी दुकानाचाच विचार केला. दुकानात मी कुणालाही पडदा चांगला आहे म्हणून विकत नाही. पडदा चांगला असतोच. गिऱ्हाइकाच्या मनात एक हरकत असते, रंग उडेल, सासूला आवडणार नाही, ती आधी शोधायची. ती हरकत मी माझ्या अंगावर घेतो, पडदा ते घेतात.

काकांची हरकत सरळ होती. हिरवळ पिवळी पडली तर लोक काय म्हणतील?

"काका," मी म्हणालो, "दसऱ्यापर्यंत पांढरं खत बंद. गवत कापलं की ते तिथेच पडू द्यायचं, तेच त्याचं खत. पिवळी पडली तर तुमच्या सगळ्या घराचे पडदे माझ्याकडून."

काकांनी चष्मा काढून पुसला. "कापड कोणतं?"

"तुम्ही दाखवाल ते."

"अस्तर लावून?"

"अस्तर लावून."

"शिलाई?"

"काका, अजून हिरवळ पिवळी पडलेली नाही!"

"बोलून ठेवलेलं बरं. तू व्यापारी माणूस." हात मिळवला. दसऱ्याला हिरवळ हिरवीच होती, पूर्वीसारखी पोपटी नाही, पण हिरवी. फक्त फाटकाजवळ एक पट्टा पिवळा पडला. काकांनी मला तिथे नेऊन उभं केलं. मी म्हटलं, तिथे गाडी उभी राहते म्हणून. ते म्हणाले, करारात गाडीचा उल्लेख नव्हता. शेवटी हॉलच्या एका खिडकीचा पडदा मी शिवून दिला, अस्तरासकट. तो खिडकीपेक्षा वीतभर आखूड ठेवला. ते त्यांच्या अजून लक्षात आलेलं नाही. आता हे वाचून येईल.

दीदीशी मात्र मी हरलो. तिच्या माहेरची तीन माणसं कापडाच्या धंद्यात आहेत, तिला मी काय भाव शिकवणार? मी सांगितलं, औषध बंद करा, निंबोळीचा अर्क मारा, तोही पाऊस नसताना, आणि मुळाशी पालापाचोळा अंथरा म्हणजे माती वाहणार नाही. ती कमरेवर हात ठेवून ऐकत होती.

"और मेरा गुलाब मर गया तो?"

"नाही मरणार."

"भाऊ, फुकट का अकल मत दो. मला काय मिलणार, ते बोल."

"काय पाहिजे?"

तिने विचार केला. "तू रोज दोपहर को फोन पे चिल्लाता है. दुकान का माणूस, ट्रान्सपोर्टवाला, सब के साथ. मेरी नींद खराब होती है. तू दोपहर को चिल्लाना बंद कर, मी औषध बंद करते."

"धंदा आहे दीदी, आवाज होतोच."

"मेरा भी गुलाब है, कीडा होताच."

मी मान्य केलं. दुपारी फोन घेऊन मी गाडीत काचा वर करून बसायला लागलो. उन्हाळ्यात काय हाल झाले ते माझं मला माहीत. एकदा काच अर्धी उघडी राहिली तर कुंपणावरून आवाज आला, "भाऊ, औषध की बाटली बाहर निकालू क्या?" मी लगेच काच वर केली.

असं एकेक घर झालं. कुणी खताऐवजी खड्ड्यात पाला कुजवायला तयार झालं, कारण मी कचऱ्याच्या बादलीचा वास बंद होईल म्हणालो. कुणाच्या माळ्याला मी गटाराकडे तोंड करून झाडू मारताना पकडलं आणि उलटं मारायला लावलं. गाडी मी बादलीने धुवायला लागलो, मातीवर, गटारापासून लांब. एका घराने शेवटपर्यंत ऐकलं नाही. त्यांनी सगळ्या अंगणात लाद्या बसवल्यात. बाग नाही, त्यामुळे भाव करायला काही नाही. त्यांच्या लाद्यांवरून पाणी घोड्यासारखं पळतं.

त्या पाण्याचं काय करायचं, हा प्रश्न बायकोने सोडवला. मी झाकणाखाली कोळसा आणि वाळू भरायला गवंडी शोधत होतो. ती म्हणाली, "आधी पाणी तिथे पोचायच्या आत थांबवा की." पालेगावला त्यांच्या घरामागे मोरीचं पाणी कधी सरळ ओढ्याकडे जात नसे. मोरीच्या तोंडाशी अळू, मग कर्दळ, मग केळी, आणि पाणी त्यांच्यातून झिरपत झिरपत जायचं, जाईल तेवढं. "आई म्हणायची, अळवाला घाण आवडते, ओढ्याला नाही." मी हे कितीदा ऐकलं असेल. अळू म्हटलं की मला फक्त फतफतं आठवायचं.

मग उन्हाळ्यात गटाराच्या कडेने आम्ही चर खणला. रुंद, उथळ, तळाला खडी. काका खुर्ची टाकून देखरेख करत होते आणि चर वाकडा चाललाय हे दर थोड्या वेळाने सांगत होते. बायकोने माहेरून अळवाचे कंद आणले, दीदीने कर्दळीचे गड्डे दिले आणि बदल्यात अळवाची पहिली कापणी स्वतःसाठी लिहून घेतली, म्हणजे माझ्याकडून तीन वेळा वदवून घेतली. आता गटाराचं पाणी आधी चरात येतं, पसरतं, तिथेच माती टाकतं, झाडं त्यातलं खत खातात, आणि उरलेलं झाकणाखाली जातं. झाकणाखाली आता खरंच दगड, वाळू आणि कोळसा आहे. ते आम्ही भरलं. बिल्डरने नाही. हे पुन्हा लिहितो, बिल्डरने नाही.

पावसाळा लागला. आषाढात विहीर गढूळ होती आणि मी रोज सकाळी कठड्यावरून वाकून बघायचो. काका म्हणायचे, "अरे, दुधाचं पातेलं आहे का ते, सारखं बघतोस?" श्रावणात गढूळपणा खाली बसला. पाणी हिरवं झालं नाही. कळशी काढून हुंगली तर दगडाचा वास, दुसरा कसला नाही. पण बायकोने काहीच मत दिलं नाही. "त्या दिवशी बघू," एवढंच.

तो दिवस आला. बायका थाळ्या घेऊन जमल्या, गेल्या वर्षीपेक्षा जास्तच. गेल्या वर्षीची गंमत सगळीकडे पोचली होती, आणि मला वाटतं काही जणी पुन्हा तीच बघायला आल्या होत्या. बायकोने चराच्या तळाशी वाहून आलेले खडे वेचले, ताम्हनात ठेवले, कळशीतून ओंजळ घेतली. चूळ भरली. मी तोंड उघडलं. दीदीने माझ्या दंडाला धरलं आणि कानात म्हणाली, "चिल्लाना मत."

काकांचं फाटक आलं. गेलं. कर्दळ आली. बायकोने तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि मुद्दाम जरा थांबली. गाल फुगलेले. थाळ्यांचा आवाज मंदावला. त्या एका क्षणात मी बिल्डरला, महापापी काकांना, माझ्या गाडीला, सगळ्यांना मनात शिव्या दिल्या. मग तिने डोळ्यांनीच मला हसून दाखवलं आणि पुढे चालायला लागली. उंबरठा, पावलं, देवघर. गौर बसली. तिने चूळ टाकली आणि सगळ्या बायका ऐकत असताना म्हणाली,

"गोड आहे."

काकांनी टाळ्या वाजवल्या. गौरीच्या दिवशी टाळ्या कुणी वाजवत नाही, पण त्यांनी वाजवल्या. घरात अळूचं फतफतं झालं होतं. सगळ्यात मोठा डबा दीदीने नेला, करारानुसार.

इथे हे लिखाण संपलं असतं आणि मीही शांत झालो असतो. पण दिवाळीला बायको माहेरी गेली, मी सोडायला गेलो. पालेगावच्या रस्त्यावर, जिथे तिच्या काकाचं भाताचं शेत होतं, तिथे मोठा फलक लागला आहे. त्याच बिल्डरचा नवा प्रकल्प. आणि फलकावर फोटो आमच्या विहिरीचा. आमचा चर, बायकोचं अळू, दीदीची कर्दळ, मागे काकांच्या हिरवळीचा तुकडा, तो पिवळा पट्टा कापून. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलंय: शुद्ध पाणी, हीच आमची परंपरा.

मी गाडी थांबवली आणि त्यांच्या विक्रीच्या ऑफिसात गेलो. टेबलावर प्रकल्पाचा नमुना मांडला होता, हिरव्या कागदाच्या बागा, प्रत्येक घरामागे एक. सगळ्या बागांतून एक निळी रेघ निघत होती आणि खाली ओढ्याला मिळत होती. त्याच ओढ्याला, जिथे बायकोचं लहानपण गेलं, जिथे तिच्या माहेरच्या बायका अजून कपडे धुतात.

"गाळणी कुठे आहे?" मी विचारलं.

तिथल्या मुलीने अदबीने बोट दाखवलं. "ये रहा सर." रेघेच्या टोकाला एक छोटंसं गोल झाकण होतं. त्यावर कमळ.

बायको माझ्या मागे उभी होती. मी ओरडलो नाही. ती म्हणाली, "अहो, इथे ओरडलात तर चालेल." पण मुलगी नोकरीला होती, तिच्यावर काय ओरडायचं? ज्याच्यावर ओरडायचं तो ऑफिसात नव्हता, फोन उचलत नव्हता. म्हणून हे लिहिलं आहे.

तर बिल्डरसाहेब, आमचा फोटो तुम्ही फलकावरून काढा किंवा ठेवा, त्याचं मी नंतर बघेन. आधी पालेगावला या. आम्हा दोघांसमोर ते झाकण उघडा, सील असलं तरी उघडा, आणि खाली काय आहे ते दाखवा. जी माणसं तिथे घर घेणार आहेत त्यांच्या बागांत उद्या खत पडेल, औषध पडेल, आणि पहिल्या पावसात ते कुठे जाईल, ते त्यांना घर विकायच्या आधी सांगा. आणि पुढच्या भाद्रपदात या ओढ्यावर गौर घ्यायला बायका येतील तेव्हा तुम्हीही या. ओढ्यातली एक ओंजळ घ्या, चूळ भरा आणि तुमच्या फलकापर्यंत चालत जा. चूळ तोंडात टिकली तर मी काही बोलणार नाही. टाकावी लागली तर तिथेच, सगळ्यांसमोर उभं राहून, जबाब द्या.